अंगावर घेतलेली चूक

पाथर्डीच्या स्टँडवर कुणालाही विचारा, चांगुणा कशानं गेली म्हणून. चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे एकच सांगतील, ‘महमूद मिस्त्रीनं गाडी नीट जोडली न्हाई म्हणून.’ साफ खोटं आहे ते! पण हे खोटं पसरवणारा दुसरा कुणी नव्हता, खुद्द महमूदच होता. आता बोला.

महमूद तसा सरळ गडी. स्टँडमागं पत्र्याची टपरी, हत्यारांची एक पेटी आणि घरी बायको फरीदा, एवढाच पसारा. वीस वर्षांत गावातल्या जीपा, ट्रॅक्टर, डिझेलची इंजिनं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. बोलायला कंजूष, पण कामात हयगय नाही. कुठलाही भाग सुटा करण्याआधी तो खडूनं खूण करायचा आणि जोडताना खुणेला खूण भिडवायचा. अल्लाच्या खालोखाल त्याचा भरवसा त्या खुणेवर.

गहिनीनाथ त्याचा जिवाभावाचा दोस्त. गावात भाड्याची मोटार एकच, गहिनीनाथची जुनी शेवरलेट. तिच्यावर त्याचा भारी जीव. रोज सकाळी आंघोळ झाली की बॉनेटला हळदकुंकू, एक फूल, आणि मग हँडल घालून इंजिनाला तीन फेरे. थंड इंजिन मोकळं व्हावं म्हणून बापानं लावलेली सवय, पण पुढं ती पूजेतच जमा झाली. स्टँडवरची माणसं चेष्टा करायची, ‘गहिनी, एवढी सेवा बायकोची केली असतीस तर तिनं तुला डोक्यावर घेतला असता!’ गहिनीनाथ नुसता हसायचा. बायको त्याला कमी प्यारी नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर चांगुणाला दिवस गेले होते, आणि गडी जमिनीवर चालत नव्हता.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात गाडी आचके द्यायला लागली. महमूदनं बघितलं तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा हलत होता. डिस्ट्रिब्युटर म्हणजे सहाही प्लगांना ज्याच्या त्याच्या वेळेला ठिणगी वाटून देणारी वस्तू. दांडा हलला की वाटणी चुकते. नवा बुश, म्हणजे दांड्याला घट्ट धरणारी पितळी नळी, बसवायला नगरच्या लेथवर जाणं भाग होतं. संध्याकाळी महमूदनं खडूनं खुणा केल्या, डिस्ट्रिब्युटर उचलून पिशवीत टाकला आणि गहिनीनाथला बजावलं, “मी येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका.”

“न्हाई लावत, मिस्त्री. बिनघोर जावा.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं महमूद परतला, तर गहिनीनाथ स्टँडवर वेड्यासारखा धावत आला. “मिस्त्री, चला लवकर! चांगुणाच्या अंगावरून जायला लागलंय. आठवाच म्हैना हाय हो! डाक्टर म्हनत्यात, नगरला न्या, न्हाईतर माझ्या हातात काई न्हाई.” नगरला जाणारी एसटी तीनला होती, अजून दोन तास होते. महमूद म्हणाला, “दहा मिनिटांत गाडी चालू करतो. तुम्ही वहिनींना घेऊन या.”

आणि त्यानं केलं ते बरोबरच केलं. खुणेला खूण भिडवली, डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी लावल्या. तोवर चांगुणाला मागच्या सीटवर निजवलं होतं, तिचं डोकं तिच्या आईच्या, रतनबाईच्या मांडीवर. गहिनीनाथनं स्टार्टर मारला. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा मारला, तर कार्बुरेटरमधून फाट्‌दिशी जाळ उलटा आला.

महमूदनं कंडेन्सर बदलला. पॉइंट घासले. वायरी काढून पुन्हा लावल्या. खूण तर बरोबर होती! सगळीकडं शोधलं, फक्त खुणेवर त्यानं संशय घेतला नाही. रतनबाई म्हणत होत्या, “लेकरा, हात चालव रं, पार गार पडायला लागली पोर.” पाऊण तास असा गेला. शेवटी त्यानं पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि गहिनीनाथला हँडल हळू फिरवायला सांगितलं. आतल्या हवेनं अंगठा ढकलला. त्याच वेळी पहिल्या प्लगला ठिणगी मिळायला हवी होती, आणि वाटणी भलत्याच प्लगाला चालली होती. म्हणजे डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना कुणीतरी इंजिन फिरवलं होतं. खूण जागच्या जागी होती, पण इंजिन जागेवर राहिलं नव्हतं.

“गाडीला कुणी हात लावला का?”

“न्हाई वो! सकाळी म्या पूजा केली तेवढीच.”

महमूदनं बॉनेटकडं पाहिलं. ताजं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजा म्हणजे हँडलचे तीन फेरे आलेच. त्यानं डिस्ट्रिब्युटर उचलला, नीट बसवला, आणि पहिल्याच स्टार्टरला गाडी चालू झाली.

तिसगाव मागं पडलं. इंजिन कसं लोण्यासारखं चाललं होतं. करंजीचा घाट निम्मा चढला असेल नसेल, मागून रतनबाईंनी हंबरडा फोडला.

तेराव्याला गहिनीनाथनं सगळ्यांदेखत विचारलं, “मिस्त्री, खरं सांगा. पाऊण तास गाडी कशानं अडली? डाक्टर म्हनले, आर्धा तास आदी नेली असती तर वाचली असती.”

महमूदनं त्याच्याकडं पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. खरं सांगितलं असतं तर हा माणूस सरळ विहिरीकडं गेला असता.

“माझी चूक,” महमूद म्हणाला. “माझी खूण चुकली.”

गहिनीनाथ त्याच्यावर धावून गेला. चौघांनी धरला म्हणून बरं.

त्या दिवसापासून टपरी ओस पडली. बाहत्तरचा दुष्काळ आला तेव्हा नवराबायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खरं काय ते त्यानं एकट्या फरीदाला सांगितलं होतं. ती चिडायची, रडायची. “अहो, एकदा तोंड उघडा ना! ज्यांनी हँडल फिरवलं ते गावात मानानं फिरतात, अन् तुम्ही हातोडा घेऊन बसलात!” महमूद म्हणायचा, “मीही अंगठा आधी लावून बघायला पाहिजे होता. एवढं तरी माझं हायच की.” आणि खडीवर हातोडा घालायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गहिनीनाथ त्या खडीच्या कामावर भेटायला आला. गाडी त्यानं विकली होती. तो महमूदपुढं उकिडवा बसला.

“मिस्त्री, दीड वरीस तुमास्नी शिव्या घालतोय. झोप न्हाई लागत. काल मायंब्याला देवाच्या पाया पडाया गेल्तो. तितं ठरवलं.” त्यानं महमूदचे फोड आलेले हात हातात घेतले. “चूक मानसाच्याच हातनं हुती. म्या तुमास्नी माफ केलं.”

फरीदा हातातली पाटी टाकून ताडकन उठली. तिचं तोंड उघडलंच होतं. महमूदनं मान वर करून एकदाच तिच्याकडं पाहिलं, आणि ती होती तिथं खडीच्या ढिगावर मटकन बसली.

“लई उपकार झाले, गहिनीभाऊ,” महमूद म्हणाला, आणि त्या माणसापुढं मान खाली घालून रडू लागला.