भिंतीतला उंबर

औद्योगिक वसाहतीला लागून आमचं थोडं रान आहे. त्याच्या बांधावर एक जुना उंबर होता. शेजारच्या फाउंड्रीवाल्याने सरकारी मोजणी आणली, झाड त्याच्या हद्दीत निघालं आणि कंपाउंडच्या भिंतीसाठी त्याने ते पाडलं. आधी बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, दत्ताची माफी मागितली, मग करवत चालवली. मी बांधावर उभी होते. कागद त्याच्या बाजूने होता. मला करता येण्यासारखं एकच होतं, हे विसरायचं नाही.

उंबराचं बी आमच्या बांधावर पुन्हा रुजणं कठीणच होतं. फाउंड्रीची काळी वाळू तिथवर पसरली होती. तिच्यात फक्त गाजर गवत तग धरायचं, आणि ते दुसऱ्या कशाला जागा देत नव्हतं. तांबट, बुलबुल ओढ्याकाठच्या दुसऱ्या उंबरावर जाऊ लागले. येता-जाता मात्र ते नव्या भिंतीवरच्या तारेवर टेकायचे. त्यांच्या विष्ठेतून बी विटांच्या फटीत पडलं. वर्षभरात तिथे चार पानं दिसली. ती पहिल्यांदा मीच पाहिली आणि उन्हाळाभर आमच्या बाजूने पाइपने पाणी घातलं.

रोप हातभर झालं तेव्हा फाउंड्रीवाला आमच्या दारात आला. उंबर तोडला त्याच महिन्यात त्याची कंबर धरली होती. आता तो काठी घेऊन चालायचा.

"आण्णा हाईत का?"

वडील गारगोटीला व्याख्यानाला गेले होते. तसं सांगितलं.

"मग तूच चल की, पोरी. तुमी देव मानत न्हाईसा न्हवं? तेवढं रोप उपटून दे. माझा एक बी माणूस हात लावंना झालाय."

"आम्ही मानत नाही," मी म्हटलं. "पण मी उपटणार नाही."

तो काठी टेकत निघून गेला.

दोन दिवसांत गावभर झालं की पत्रकवाल्यांची पोरगीसुद्धा उंबराला भ्याली. आण्णांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढली. मला नीट वाचता येत नव्हतं तेव्हापासून ती मी बाजारात वाटत आले. सलूनमध्ये दाढी करता करता न्हाव्याने त्यांना विचारलं, "काय आण्णा, दत्तगुरू पावले म्हणायचं का?" ते अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

"तू भ्यालीस?"

"नाही."

"मग उपट."

"नाही, आण्णा. त्याने आपलं झाड पाडलंय."

"आणि माझं काय पाडतेयस ते दिसतंय का तुला?"

ते स्वतः पहार घेऊन फाउंड्रीवर गेले. फाउंड्रीवाल्याने गेटवरूनच हात जोडले. "नगं आण्णा. तुमची पोरगी बी मागं सरली म्हंजी कायतरी हायच की त्यात."

तेव्हाच खरं बोलता आलं असतं. झाडात काही नाही, मी केवळ सुडापोटी नकार दिला, एवढं चौकात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते उपटलं असतं. मी गप्प बसले. लोक आण्णांच्या पत्रकांना हसले, त्यांना हसू दिलं. आण्णांनी पुढे वर्षभर एकही पत्रक काढलं नाही. त्याची मला लाज वाटते. सुडाची वाटत नाही.

आता मूळ मनगटाएवढं जाड झालंय आणि भिंतीच्या पायात शिरलंय. भिंत बाहेर झुकलीय. झाड काढलं तर भिंत त्याच्याबरोबर येईल, ठेवलं तर सावकाश येईल. म्हणून आता हे लिहिते, चौकात माझ्या नावानिशी वाचून दाखवा हवं तर. त्या उंबरात देव नाही, तेव्हाही नव्हता. ज्याला उपटायचा असेल त्याने खुशाल उपटावा.