दातात धरलेली चिठ्ठी: धारवाड ते अळणावर, सायकलवर

१४ डिसेंबर २००८, रविवार

जूननंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. पेपर तपासणी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बिघडलेला मोडेम अशी कारणं सांगता येतील आणि त्यातलं एकही खोटं नाही. पण खरी कारणं ती नव्हेत. जे लिहायला हवं होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

मधल्या काळात दोघा-तिघांनी विचारलं की धारवाडहून सायकलने निघून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल. त्यांच्यासाठी आजचा रस्ता लिहितो. धारवाड ते अळणावर आणि परत, मिळून सत्तरएक किलोमीटर. बारा वर्षांपूर्वी आम्ही याच रस्त्यावर शर्यत केली होती, त्यामुळे मधे मधे तीही येईल.

आमची टीम म्हणजे हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतलं इराण्णांचं सायकल दुकान. तिथे चाक सरळ करून घ्यायला येणारे आम्ही चौघे कधी एकत्र शर्यतींना जायला लागलो ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून सगळ्यांचा मास्तर. बसवराज, म्हणजे बसू, तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. आमच्यात खरा पळणारा तोच. त्याची सायकल साधी काळी, मडगार्ड काढलेली, हँडल त्याने स्वतः वाकवून जोडलेलं. उरलेले दोघे आता बंगळूर आणि पुण्याला असतात. इराण्णा स्वतः सायकल चालवत नसत. पाण्याच्या बाटल्या आणि पंप घेऊन ते स्कूटरवरून मागे यायचे आणि पूर्ण रस्ताभर शिव्या द्यायचे.

गेल्या आठवड्यात मी ब्रेकचे रबर बदलायला गेलो तेव्हा इराण्णा म्हणाले की अळणावरचा रस्ता नव्याने डांबरी झालाय, एकदा जाऊ या, स्कूटरला किक मारता येतेय तोवर. बसू तिथेच होता. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, गेट आणि ग्रिल बनवतो. तो लगेच हो म्हणाला. मला हो म्हणायला दोन दिवस लागले.

सकाळी सहाला धारवाडच्या बसस्टँडसमोर भेटलो. डिसेंबरात इथे चांगलीच थंडी असते, पहिला तासभर कानटोपी हवीच. निघण्याआधी इडली-वडा खाऊन घ्या, कारण पहिले पंधरा किलोमीटर चहापलीकडे काही मिळत नाही. शहर सुटलं की रस्ता चढ-उताराचा आहे. चढ लांब आहेत पण उभे नाहीत. एका गिअरच्या सायकलनेही होतो, फक्त उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढासाठी राखायला शिकावं लागतं. सुरुवातीला लाल माती, कापणी झालेली भाताची खाचरं, उसाच्या बैलगाड्या. वीस किलोमीटरनंतर झाडं वाढत जातात आणि शेवटी दोन्ही बाजूंना साग. सागाची मोठी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली असतात. टायरखाली येताना त्यांचा पापडासारखा आवाज होतो. शर्यतीत हा आवाज कधी ऐकू आला नव्हता.

बसू माझ्याशी कानडीत बोलतो आणि मी त्याला मराठीत उत्तर देतो, कधी उलटही होतं. इथे सगळं मराठीतच लिहितोय, फक्त त्याचं ‘री’, म्हणजे आपलं ‘हो’, तसंच ठेवलंय. पहिल्या चढावर तो माझ्या बाजूला आला आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, ‘‘मास्तर, हे सामान घरी ठेवून यायचं होतं री.’’

मागून इराण्णांनी हॉर्न दिला. ‘‘ते सामान नाही, ते प्रमोशन आहे.’’

आता शर्यतीबद्दल. १९९६ची गोष्ट. धारवाडहून निघून अळणावरच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे चुना फासलेलं एक डांबराचं पिंप ठेवलं होतं. त्याला वळसा घालून परत धारवाडला यायचं. पिंपाशी दोघे जण उभे असत आणि प्रत्येकाला शिक्का मारलेली पातळ कागदाची चिठ्ठी देत, म्हणजे शेवटी पुरावा राहतो. चड्डीला खिसा नाही, बनियनमध्ये घातली तर घामाने भिजून जाते, हातात धरली तर हँडल सुटतं. म्हणून सगळे चिठ्ठी दातात धरायचे. कुणी शिकवलं नव्हतं, पण इकडच्या सगळ्या शर्यतींत तशीच पद्धत होती. पस्तीस किलोमीटर तोंडात कागद धरून यायचं आणि शेवटी जबडा उघडून दाखवायचा.

पहिल्या तिघांना राज्याच्या निवड चाचणीसाठी विजापूरला पाठवणार होते. बसू तिसरा आला. मी त्याच्या मागे, चौथा. पंचांनी हात पुढे केला, बसूने तोंड उघडलं, आणि तोंडात काही नव्हतं. तो म्हणाला, शेवटच्या चढावर इराण्णांनी बाटली दिली, पाणी प्यायलो, त्याच्याबरोबर गिळली असणार. लोक हसले. पिंपाजवळच्या दोघांनी नंबर लिहून घेतले नव्हते. मग पंचांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही याच्या मागेच होतात. चिठ्ठी घेताना याला पाहिलंत का?’’

मी म्हणालो, ‘‘घेताना पाहिलं नाही.’’

ते खरं होतं. माझे वडील वकील होते, आणि साक्षीदाराने जे पाहिलं तेवढंच सांगावं, जे विचारलं त्याचंच उत्तर द्यावं, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलो होतो. बसूला बाद केलं. मी तिसरा झालो. विजापूरला मी गेलो.

त्यानंतर बसूने शर्यती सोडल्या. आमची भेट मात्र होत राहिली, दुकानात, लग्नांत, एकदा माझ्याच घराचं ग्रिल बसवताना. हा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. मनात मी एक हिशोब मांडून ठेवला होता: परत येणारा बसू मला पिंपाच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीजवळ भेटला, मोरी आणि पिंप यांच्यामध्ये रस्त्याला वळण आहे, वळणामुळे पिंप दिसत नव्हतं, त्यामुळे तो पिंपापर्यंत गेला की अलीकडूनच फिरला हे मी प्रामाणिकपणे सांगूच शकत नव्हतो. बारा वर्षं हे वळण माझ्या कामी आलं. खरं सांगायचं तर आज मी ते बघायलाच गेलो होतो.

साडेनवाला अळणावर जवळ आलं. आधी लाकडाच्या वखारी लागतात, कापलेल्या सागाचा वास येतो, आणि पुढे फाटक. फाटकाच्या अलीकडे उजव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली एक चहाचं दुकान आहे, तिथे नक्की थांबा. मिरची भजी गरम मिळतात, गिरमिटात, म्हणजे इकडच्या चुरमुऱ्यांच्या भेळेत, शेंगदाणे भरपूर असतात, आणि तिघांचं पोटभर खाणं पन्नास रुपयांच्या आत होतं. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात.

मी सायकल उभी केली आणि मागे चालत गेलो. मोरी जागेवर होती. कठडा नवा, पण खालचं दगडी काम जुनंच, शेजारचं चिंचेचं झाडही तेच. मोरीवर उभं राहून मी फाटकाकडे पाहिलं. रस्ता सरळ होता. चहाचं दुकान, दुकानाबाहेरच्या आमच्या सायकली, बसूच्या हातातली बशी, सगळं दिसत होतं. मी पावलं मोजत परत आलो. एकशे चाळीस.

रस्ता नवा केलाय, तेव्हाच सरळ केला असेल, असं वाटलं. लगेच वाटलं, की हे मी शोधतोय की पळवाट काढतोय? तरी अक्कांना विचारलंच, इथे मोरीच्या पुढे पूर्वी वळण होतं ना?

अक्का भजी काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ‘‘मी लग्न होऊन आले तेव्हापासून, वीस वर्षं, असाच आहे. वळण फाटकाच्या पलीकडे. तुम्ही कुठलं वळण शोधताय अण्णा?’’

इराण्णा म्हणाले, ‘‘मास्तरांचं काहीतरी हरवलंय.’’

म्हणजे वळण तिथे कधीच नव्हतं. ते मी नंतर आणून ठेवलं होतं, आणि इतक्या वेळा त्यावरून गेलो की ते मला दिसायलाही लागलं. मी विद्यार्थ्यांना सांगतो की निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर. इथे मी निष्कर्षाला लागेल तसा रस्ता वाकवला होता. चिठ्ठी घेताना मी बसूला पाहिलं नव्हतं, हे आजही खरं आहे. पण तो पिंपाकडून येताना मला दिसला होता. पिंपाशी उभ्या असलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत, दीडशे पावलांवर, कोण अलीकडून फिरेल? एवढं मी सांगू शकलो असतो. मला कुणी विचारलं नाही. आणि न विचारलेलं सांगितलं तर मी चौथा राहणार होतो, हे मला तेव्हा कळत होतं का? कळत असावं. याहून जास्त खात्रीने लिहिता येत नाही.

चहा संपायच्या आत बसूला सांगितलं. वाक्यं नीट जुळली नाहीत. रस्ता सरळ आहे, मला दिसलं असणार, मी सांगायला हवं होतं, असं काहीतरी म्हणालो.

बसूने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, ‘‘दिसलं असणार काय, दिसलंच होतं री. मोरीवर तुम्ही हात वर करून ओरडलात. ‘बसू, तिसरा! सोडू नको!’ म्हणून.’’

मला हे आठवत नाही. अजिबात नाही. आता हे लिहितानाही आठवायचा प्रयत्न करतोय, पण बसूने सांगितलेलं चित्रच पुढे येतं, माझं स्वतःचं नाही. मी त्याला विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास?

‘‘मला वाटलं, तुम्हीच सांगाल.’’ बशी खाली ठेवत तो म्हणाला, ‘‘मग वाटलं, चिठ्ठी तर माझीच गेली. गिळली की पडली ते मलाही माहीत नाही. तोंडात नव्हती, म्हणून गिळली म्हणालो.’’

 इराण्णांनी एवढंच म्हटलं, ‘‘पाणी मी दिलं होतं.’’ मग उठून स्कूटरच्या डिकीत उगाच काहीतरी शोधायला लागले. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे ओझं माझ्या एकट्याकडे आहे.

मी बसूची माफी मागितली. तो ‘बिडरी’ म्हणाला, म्हणजे सोडा हो. पण त्याने ते सोडलं नव्हतं हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. सायकलवर बसता बसता तो म्हणाला, ‘‘मास्तर, एक विचारू? विजापूरचा रस्ता कसा होता?’’

बारा वर्षांत मी टीममध्ये कुणालाही त्या चाचणीबद्दल सांगितलेलं नाही. लाज वाटायची, आणि लाजेची दोन कारणं एकमेकांत मिसळून गेली होती. आज परतीच्या पस्तीस किलोमीटरमध्ये बसूने सगळं काढून घेतलं. रस्ता सपाट, दोन्हीकडे काळी माती, एकही झाड नाही, वारा समोरून. मग वाऱ्यात पुढे कोण राहायचं? आळीपाळीने. मुलं कुठली होती? बहुतेक तिकडचीच, पंधरा-सोळा वर्षांचीही. खायला काय आणलं होतं? गूळ आणि शेंगा, फडक्यात बांधून. आणि तुम्ही? मी पहिल्या वीस किलोमीटरमध्येच मागे पडलो, मग एका ट्रॅक्टरमध्ये सायकल टाकून परत आलो. हे ऐकून तो हसला नाही. त्याने विचारलं, वारा उजवीकडून होता की डावीकडून? मधे आम्ही एका चढावर उतरून पाणी प्यायलो, तेव्हाही तो विचारतच होता. त्याला माझं काय झालं यात फार रस नव्हता. तो त्या रस्त्यावर स्वतःची सायकल चालवून बघत होता.

एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. पुढे गेलेल्यांच्या सायकलींचे टायर किती बारीक होते? बोटाएवढे, मी म्हणालो. कुठलं बोट, त्याने विचारलं. मला सांगता येईना. पण तेव्हा मी हे सगळं लिहून ठेवलं होतं, हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी तेव्हाही रोज रात्री वही लिहायचो.

‘‘मग शर्यतीच्या दिवसाचंही असेल,’’ बसू म्हणाला.

असेल, मी म्हणालो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: परत येताना ऊन समोर असतं आणि चढ थोडे जास्त वाटतात, म्हणून अळणावरहून अकराच्या आत निघा. थकलात तर अळणावरहून धारवाडला पॅसेंजर गाडी मिळते, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते, फक्त वेळ आधी विचारून ठेवा. एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर ठेवा. आमच्यासाठी इराण्णा होते, तुमच्यासाठी नसतील.

दोनला घरी पोचलो. पाय दुखतायत, मानही. सागाच्या पानांचा आवाज अजून कानात आहे, आणि नसलेल्या वळणाची जागा रिकामी झाल्यासारखी वाटते. जेवल्यावर शिडी लावून माळ्यावर हात घातला. ९६ची वही कडेलाच आहे, पाठीवर साल लिहिलेलं आहे. त्या रात्री मी ‘बसू, तिसरा’ लिहिलं असेल, किंवा वळण लिहिलं असेल, किंवा दोन्हींपैकी काहीच नसेल. वही ओढली आणि पुन्हा आत सारली. बसूला मराठी वाचता येत नाही, मी वाचेन तेच तो खरं धरणार.

उद्या: कॉलेज सुटल्यावर वही घेऊन बसूच्या वर्कशॉपमध्ये जायचं, आणि आधी न चाळता, त्याच्यासमोर मोठ्याने वाचायची.