गोबरगॅसच्या टाकीतलं हत्याकांड

आजही सून फिनेलची बाटली घेऊन संडासाकडे वळली की माझी नजर आपोआप कपाळाकडे जाते. स्वतःच्या नाही, शेजारच्या जावेच्या. तिथं जी खोक आहे ती माझ्यामुळे आहे.

लग्न होऊन मी इस्लामपूरजवळच्या या गावात आले ती साताऱ्याची, बारावी पास, आणि जंतूंबद्दल आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशा गुर्मीत. आमच्या संडासाचा पाइप थेट गोबरगॅसच्या टाकीत सोडलेला. म्हशीचं शेण आणि घरादाराचं जे काय असेल ते सगळं तिथंच, आणि त्याच्याच गॅसवर आमच्या भाकऱ्या! मग मी रोज संडासात फिनेल ओतायचे. अर्धी बाटली, कधी अख्खी, वरून ॲसिड. ब्रश असा फिरवायचे जणू दुश्मनाचं नरडंच घासतेय. "एकालाही सोडत नाही," असं पुटपुटायचेही. येडीच होते.

दोन महिन्यांत शेगडीची ज्योत मिणमिणली आणि विझली. गॅसनं वर उचलून धरलेला टाकीवरचा लोखंडी घुमट तळाला बसला. सासूबाई पुन्हा चुलीपुढे धुरात. आधी त्यांनी म्हशीला बडवलं, "हिच्या शेणात दमच न्हाई!" मग मोर्चा शेजारच्या चुलत जावेकडे. तिचा गोबरगॅस फुरफुरत होता ना!

"तूच नजर लावलीस गं!"

"आवं आत्ती, माझी नजर येवढी जोरात असती तर पयली तुमची जीभ जळाली असती!"

सासूबाईंनी हातातली लोखंडी फुंकणी भिरकावली. जावेचं कपाळ फुटलं, रक्त हनुवटीपर्यंत आलं. तिनं धावत येऊन सासूबाईंचा अंबाडा धरला. दोघी अंगणात लोळल्या. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, काय ही अडाणी माणसं!

दुसऱ्या दिवशी टाकी बांधणारा गवंडी आला. त्यानं काठीनं आतला काला ढवळला, हुंगला.

"हितं दवाखान्यागत वास येतोय. आवं, आत बारीक जीव असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत. शेण त्येच खात्यात, तवा गॅस हुतो. उरलेलं उसाला खत. त्येंनी खाल्लं न्हाई तर समदी दुनिया घाणीत बुडंल. कुणीतरी मारून टाकल्यात समदे."

सासूबाईंची नजर जावेच्या घराकडे वळली. "तिनंच वतलं आसंल." भिंतीला अडकवलेला कोयता त्यांनी काढला.

बारावी पास बाई नुसती उभी! कबूल केलं तर माझी धडगत नव्हती, गप्प बसले तर जावेची. सासूबाई उंबरा ओलांडून गेल्या, तेव्हा मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"आत्ती, मी ओतलं! रोज!"

कोयता खाली पडला. मग दोन्ही गाल असे वाजले की म्हैस दचकली.

गवंडी म्हणाला, "आता हे समदं उपसा आन् ताजं शेण भरा. पर चालू टाकीतला काला इरजणागत घातल्याबिगर गॅस लवकर धरायचा न्हाई." आणि आळीत चालू टाकी एकच, जावेची.

बादली घेऊन मीच गेले. तिच्या कपाळावर हळद थापलेली. सगळं सांगितलं. टाकीच्या तोंडाशी जाऊन तिनं बादली काठोकाठ भरली आणि माझ्या डोक्यावर ओतली. मग दुसरी भरली.

"ही घिऊन जा," ती म्हणाली. "आन् त्वांड धुताना फिनेल घिऊ नगंस."