भाऊजींचे पाच नमुने

प्रिय अनय आणि सई,

नव्या घराच्या जमिनीवर काय घालावं म्हणून तुम्ही चार फोटो पाठवलेत आणि खाली लिहिलंत, "आजी, तूच सांग." मी भिंग लावून चारही फोटो पाहिले. मला चारही सारखेच दिसले. मग त्यांच्याखालचा मजकूर वाचला आणि होता तोही अंदाज गेला. या विषयात माझा गोंधळ आजचा नाही, पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो ज्यांच्यामुळे सुरू झाला त्यांना तुम्ही पाहिलेलं नाही. म्हणून उत्तराऐवजी त्यांच्याबद्दलच लिहिते. ते म्हणजे तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ, माझे भाऊजी.

भाऊजींइतका निर्णय न घेणारा आणि तरीही इतका सुखी माणूस सगळ्या वसई तालुक्यात दुसरा नव्हता. बोळिंजला त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. वाडीच्या कामात हात पटापट चालायचे, पण दोन वस्तूंतली एक निवडायची म्हटलं की भाऊजी थांबायचे. एकदा त्यांना चपला घ्यायच्या होत्या. दोन जोड आवडले, म्हणून दोन्ही आणले आणि महिनाभर उजव्या पायात एक आणि डाव्या पायात दुसरी घालून हिंडले. तशाच पायांनी एका लग्नालाही गेले. तिथे कुणी हसलं तर त्यालाच विचारायचे, "तुमच्या मते कुठली कमी झिजली?" शेवटी दोन्ही सारख्याच झिजल्या आणि प्रश्न सुटला नाही. लग्नासाठी मात्र त्यांनी एकच मुलगी पाहिली आणि तिलाच होकार दिला. त्याबद्दल माझ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "दुसरी दाखवली असती तर मी अजून माहेरीच असते."

घर कौलारू होतं आणि जमीन मातीची, शेणाने सारवायची. वहिनी दर शनिवारी माजघर, स्वयंपाकघर आणि ओटी सारवायच्या. ती जमीन इतकी सुंदर दिसायची की पाऊल ठेवायला संकोच वाटे. पण आमच्याकडे जमिनीखाली दोन हातांवर पाणी. ओल सतत वर यायची. त्या ओलीत वर्षानुवर्षं उकिडवं बसून वहिनींचे गुडघे चाळिशीतच धरले. विरारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सारवण बंद करा, नाहीतर दोन वर्षांत या बाईंना धरून उठवावं लागेल. सारवायला एक बाई लावून पाहिली. तिचा हात वहिनींना पसंत पडेना आणि वहिनींचं बोलणं तिला. दोन शनिवारांत ती गेली. तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं की आता जमीनच बदलायची. हल्ली मुंबईत व्हिनाइल नावाचं काही प्लास्टिकचं निघालं आहे, नुसतं अंथरायचं आणि फडक्याने पुसायचं. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. व्हिनाइलचे प्रकार असतात हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पानं घेऊन भाऊजी आठवड्यातून दोनदा मुंबईला जायचे. पानं विकून झाली की दुकानं हिंडायचे आणि येताना पानांच्या रिकाम्या करंडीत नमुन्याचे तुकडे घेऊन यायचे. असे पाच नमुने जमले. एक जाड चौकोनी लादी, खाली गोंद लावून चिकटवायची. एक पातळ गुंडाळीतला तुकडा. एकाची पाठ तागाची, एकाची स्पंजासारखी. पाचवा तुकडा व्हिनाइलचा नव्हताच. तो जवसाच्या तेलापासून केलेल्या लिनोलियमचा होता. पण अर्धे दुकानदार पाचांनाही लिनोलियमच म्हणत आणि उरलेले अर्धे पाचांनाही व्हिनाइल, त्यामुळे पाचव्याला वगळणं अन्यायाचं होईल असं भाऊजींना वाटलं. बरोबर इंग्रजी माहितीपुस्तकंही होती. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून ती माझ्याकडे आली.

मला व्यवस्थितपणाची हौस. मी एक दोनशे पानी वही आणली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि कोष्टक तयार केलं. पाण्याने फुगतो का, डाग पडतो का, उन्हाने रंग उडतो का, घसरतो का. माहितीपुस्तकातले काही शब्द मला कळले नाहीत. तिथे मी अंदाजाने मराठी लिहिलं आणि पुढे माझेच अंदाज भाऊजी मला पुरावा म्हणून वाचून दाखवू लागले. एका पुस्तकावर चित्र होतं. चकचकीत जमिनीवर एक गोरी बाई उंच टाचांचे बूट घालून हातात पेला धरून उभी होती. भाऊजींनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही बसते कुठे?"

मी म्हटलं, "खुर्चीवर बसत असेल."

"म्हणजे हिला जमिनीबद्दल काहीच माहीत नाही," भाऊजी म्हणाले. "आपण जमिनीवर जेवतो, निजतो, विळी मांडतो. हिचं मत आपल्या काय कामाचं?"

हे मात्र त्यांचं खरं होतं. त्या दिवसापासून परीक्षा आमच्या पद्धतीने सुरू झाली. पाचही तुकडे ओटीवर ओळीने मांडले. प्रत्येकावर विळी ठेवून नारळ खवून पाहिला. कालवणाचे थेंब टाकले. केळीचा चीक लावला. तो कशावरूनच निघाला नाही, त्यामुळे त्या रकान्यात पाचांना सारखे गुण मिळाले. मांजर कुठल्या तुकड्यावर झोपतं तेही भाऊजींनी लिहून ठेवलं. ते रोज स्पंजवाल्यावर झोपायचं, पण एकदा लादीवर जाऊन बसलं आणि भाऊजी दोन दिवस अस्वस्थ होते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाट मिळेनासा झाला. ज्याला त्याला एकेका तुकड्यावर बसवायचं आणि चहा संपेपर्यंत विचारायचं, गार लागतं का, टोचतं का. भर मे महिन्यात भाचीला मागणी घालायला दोन वडीलधारे आले होते. त्यातल्या एकांना पातळ तुकड्यावर बसवलं. उन्हाने तो तुकडा मऊ झाला होता आणि ते गृहस्थ धोतर वर खोचून बसलेले. उठले तेव्हा तुकडाही त्यांच्याबरोबर उठला. भाऊजींनी तो अलगद सोडवला, आतल्या खोलीत जाऊन वहीत लिहिलं आणि मग बाहेर येऊन त्यांची माफी मागितली.

शेजारच्या इनासभाऊंच्या घरी त्यांच्या आखातातल्या मुलाने लाल-पांढऱ्या चौकटींचं व्हिनाइल बसवून घेतलं होतं. भाऊजी तिथे गेले, अनवाणी चालून पाहिलं, मांडी घालून पाहिली आणि शेवटी आडवे झाले. इनासभाऊ प्रार्थनेची माळ हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "घर बघायला आलास का निजायला? निजायचं तर उशी आणतो." भाऊजींनी उशी घेतली. उशीशिवाय तुलना अपुरी राहिली असती.

असं दीड वर्ष गेलं. कोष्टक वहीत मावेना म्हणून मी दुसरी वही केली. रकाने भरत होते, पण निवड होत नव्हती. डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं संपत आली होती आणि दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या घरून जाई तेव्हा जमीन ताजी सारवलेली दिसे. मला वहिनींचे हाल दिसायचे आणि राग यायचा. दिवाळीला सगळं घर जेवायला बसलं असताना मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्या कोष्टकापायी वहिनी अपंग होतील. तेव्हा कुठल्या रकान्यात लिहाल?" तुमचे आजोबा माझ्याकडे बघत राहिले. भाऊजींनी माझ्याकडे भात मागितला. वहिनी मात्र पानात बघून हसल्यासारखं काहीतरी करत होत्या. मला वाटलं, ठसका लागला असेल.

सारवणाकडे मात्र माझं लक्ष गेलं होतं. वहिनींच्या हाताची अर्धवर्तुळं लहान, एकावर एक नीट बसलेली असत. अलीकडची मोठी होती, वेडीवाकडी आणि उलट्या बाजूला वळलेली. मी मनाशी म्हटलं, बिचारीचा हात दुखण्याने बिघडला.

पुढच्या शनिवारी दुपारीच, शाळा सुटल्यावर, मी न कळवता गेले. शेजारपाजार जेवून आडवा झाला होता. पुढचं दार आतून बंद. मागच्या बाजूने गेले तर माजघरात वहिनी स्टुलावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि जमिनीवर भाऊजी. लेंगा वर खोचलेला, कोपरापर्यंत शेण, आणि डाव्या हाताने सारवण चाललेलं. भाऊजी डावखुरे होते हे मला इतकी वर्षं माहीत होतं. एका गुडघ्याखाली स्पंजवाला तुकडा होता, दुसऱ्याखाली जाड लादी.

वहिनी सांगत होत्या, "अहो, तो कोपरा राहिला. कोपरे तुम्हाला कधी जमायचे नाहीत."

माझी चाहूल लागली तसे भाऊजी तिथेच थांबले. हात पुसायलाही जागा नव्हती. मी विचारलं, कधीपासून. वहिनींनी सांगितलं, ती सारवणारी बाई गेली त्याच आठवड्यापासून. त्यांनी दीड वर्षात शेणाला हात लावला नव्हता. दिवाळीत मी जे बोलले ते मला तिथल्या तिथे आठवलं. मी पायरीवर बसले.

"बाहेर बोलू नकोस हं," भाऊजी म्हणाले.

"कोण काय म्हणणार आहे? बायकोचं काम केलंत म्हणून?"

"त्याचं काही नाही. पण मीच सारवतो हे कळलं तर सगळे म्हणतील, आता घाई कशाला. मग माझ्यानं निवड होणारच नाही." मग गुडघ्याखालचा तुकडा दाखवून म्हणाले, "स्पंजवालं बरं आहे. पण लादी सरकत नाही."

त्यानंतर महिन्याभरात भाऊजींचेच गुडघे कुरकुरू लागले. उठताना ते भिंत धरायचे. वहिनींनी ते दोन शनिवार पाहिलं. तिसऱ्या शनिवारी पाचही तुकडे समोर ठेवायला सांगितले आणि हात लांब करून जो पहिला लागला त्यावर बोट ठेवलं. "हा."

"कशावरून?" भाऊजींनी विचारलं.

"हाताला लागला म्हणून. दोघंही बसलो तर पाणी कोण आणणार?"

तो तागाच्या पाठीचा होता. आठ दिवसांत मुंबईहून गुंडाळी घेऊन कारागीर आला. त्याने दारात उभं राहून आत पाहिलं. मग आत येऊन टाचेने जमीन दाबली. मग बसून नखाने खरवडली.

"शेठ, नीचे काय आहे?"

"जमीन," भाऊजी म्हणाले.

"वो तो दिसतंय. जमिनीच्या खाली?"

भाऊजींनी विचार केला. "जमीनच."

"अहो, हे माल मातीवर नाही बसत. ओल मारेल, एका पावसात फुगून वर येईल. खाली सुखा कोबा पायजे, सिमेंटचा. पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. कोणी वाचलं नाही काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन मी पाचही माहितीपुस्तकं काढली. पाचांतही पहिल्या पानावर तेच होतं. खालची जमीन पक्की, सपाट आणि कोरडी हवी. ते पान मला कंटाळवाणं वाटलं होतं आणि मला कोष्टकाची घाई होती, म्हणून मी थेट दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती. इनासभाऊंच्या घरी व्हिनाइलखाली सिमेंट होतं, पण तिथेही आम्ही वरचंच पाहिलं होतं. दोन वर्षं आम्ही पाच प्रकारांची तुलना केली आणि त्यातला एकही त्या घरात बसणार नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन मी भाऊजींपाशी चूक कबूल केली. ते म्हणाले, "पहिलं पान वाचतं कोण? त्यावर नुसती नावं असतात." आणि माझ्यासाठी चहा करायला वहिनींना सांगितलं.

जूचंद्रचा गवंडी आला. माती उकरून, खाली दगडगोटे भरून त्याने घरभर लाल कोबा केला. तो वाळायला महिना लागला. महिन्याने वहिनी त्यावर चालल्या, पाय पसरून बसल्या, हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुरे. आता वर काही नको." ती गुंडाळी पुढे गोठ्याच्या गळक्या छपरावर गेली. तिथे तिने चांगलं काम दिलं.

भाऊजी मात्र काही दिवस हरवल्यासारखे वागत होते. शनिवारी दुपारी दार लावून घ्यायचे आणि मग कशासाठी लावलं ते आठवत बसायचे. मग त्यांनी कोबा पुसायचं काम घेतलं. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन, आता दार उघडं टाकून. येणारे-जाणारे बघायचे, इनासभाऊ कुंपणावरून काहीतरी टोमणा मारायचे. भाऊजी सगळ्यांना एकच सांगायचे, "हा कोबा तात्पुरता आहे. वर काय घालायचं ते अजून ठरायचंय." त्या तात्पुरत्या कोब्यावर ते एकवीस वर्षं राहिले. शेवटच्या आजारात त्यांना पुसणं जमेना, तेव्हा खाटेवरून सांगायचे. वहिनी उभ्याने, लांब दांड्याचं पुसणं घेऊन फिरायच्या आणि भाऊजी म्हणायचे, "अगं, तो कोपरा राहिला."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडीच्या जागी सात मजली इमारत आहे आणि तिच्यात जिकडेतिकडे पांढऱ्या चकचकीत लाद्या आहेत. माझ्या दोन्ही वह्या वाळवीने खाल्ल्या. तागाचं, स्पंजाचं आणि बाकीचं यांत नेमकं बरं कुठलं, ते मला आजही सांगता येणार नाही. गेल्या वर्षी मी माझे दोन्ही गुडघे बदलून घेतले, ते तुम्हाला माहीतच आहे.

वहिनी नव्वदीच्या पुढे गेल्या आहेत. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट बंद असली की जिन्याने उतरतात. त्यांचे दोन्ही गुडघे मूळचेच आहेत.