आप्पा असं का वागतात?

बातमी आली तेव्हा मी वर्गात होतो. अकरावीच्या मुलांना मानसशास्त्राचा पहिलाच धडा शिकवत होतो. माणूस जसा वागतो तसा का वागतो, आणि याचं उत्तर देणारे पाच दृष्टिकोन कोणते. फळ्यावर चौथ्याचं नाव लिहीत असताना खिशातला फोन थरथरला. नळदुर्गचे शिवप्पा. मी व्हरांड्यात आलो. "सर, तुमची विद्यार्थिनी गेली," ते म्हणाले. "सकाळी. अर्धा चहा घेतला, अर्धा ठेवला…" मग म्हणाले, "दुपारी समाधी देनार हैत. या. पर येताना हार आनू नका. दोन आलेत, तिला तेवढे बास हैत. उगं कशाला इकत घेता?" मी एका हातानं डोळे पुसत होतो आणि हसतही होतो. खिडकीतून पहिल्या बाकावरची पोरं माझ्याकडं टकमक बघत होती. बायको गेली त्या दिवशीसुद्धा समोरच्याला 'इकत घेऊ नका' असं सांगणाऱ्या या माणसाचं कोडं सोडवायला महादेवीअक्का वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माझ्या वर्गात येऊन बसल्या होत्या.

नळदुर्गला हैदराबाद रस्त्यालगत त्यांचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मध्ये एक पडदा, पडद्याआड घर. त्याच गावात तेव्हा आमचं दूरशिक्षणाचं केंद्र होतं आणि दर रविवारी तुळजापूरहून एसटीनं जाऊन मी तिथं शिकवत असे. वर्गात बढतीसाठी पदवी हवी असलेले पोलीस, दोन नर्सबाई, एक ढाबेवाला… पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, मानसशास्त्रच का घेतलं? कुणी 'आवड' म्हणालं, कुणी 'सोपं असतं म्हणून ऐकलं' म्हणालं. अक्का उठून उभ्या राहिल्या. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, हातात कोरी वही. "आमच्या यजमानांचं भांड्याचं दुकान हाय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की हे त्याला म्हनतात, घेऊ नका. असं का करतात ते कळून घ्यायचं हाय. पुस्तकात असंल तर तेवढंच पान सांगा सर, बाकीचं शिकायची मला गरज न्हाय." अख्खा वर्ग हसला. अक्का हसल्या नाहीत.

मला वाटलं, बाई जरा वाढवून सांगतायत. पुढच्या रविवारी मी मुद्दाम दुकानात गेलो. घरचा कुकर खरंच बिघडला होता. शिवप्पांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, चेहरा इतका सज्जन की काहीतरी विकत घेतल्याशिवाय निघू नये असं वाटावं. मी कुकर मागितला. "जुन्याला काय झालंय?" त्यांनी विचारलं. शिट्टी होत नाही, म्हटलं. "मग रिंग बदला की. आन् रिंग बी आपल्याकडं नका घेऊ, तीन दुकानं सोडून जो बसतो त्याच्याकडची चांगली हाय." एवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला आणि पिठाच्या हातानं अक्का बाहेर आल्या. "अवो! सरांना बी?" त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि दोघांचं जे भांडण सुरू झालं ते तासभर. मला त्यांचा सगळा इतिहास कळला. तामलवाडीहून जीपभर माणसं रुखवताची भांडी घ्यायला आली होती, तर आप्पांनी त्यांना 'रुखवत माळ्यावरच पडतंय, त्यापरास पोरीला शिकवा' म्हणून परत पाठवलं होतं. भांडण ऐन रंगात आलं की दोघं कानडीत शिरत आणि मला नुसते हातवारे कळत. मधल्या वेळात मला दोनदा चहा मिळाला. कुकर मिळाला नाही.

यात हसण्यासारखं नव्हतं असं एकच होतं. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन पुण्याला नोकरीला. त्यानं सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत दुकानाचं काही जमलं नाही तर जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायची. अक्का मला एकदा वर्गानंतर थांबून म्हणाल्या, "दुकान गेलं तर ह्यो मानूस दिवसभर करंल काय, सर? भिंतीला बघत बसंल… आन् मी तरी काय करू?" एवढंच बोलून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "बरं, पयला दृष्टिकोन कंचा?"

पहिला वर्तनवाद. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं वाढतं. अक्कांना हे फार पटलं. ज्या दिवशी आप्पा काही विकतील त्या दिवशी चार वाजता गरम कांदाभजी, नाही विकलं तर नुसता चहा. आप्पांना काही न सांगता प्रयोग सुरू झाला आणि आठवड्याभरात विक्री वाढली. अक्का वर्गात सगळ्यांसाठी भजी घेऊन आल्या. "सर, पुस्तक खरं हाय!" तिसऱ्या आठवड्यात लसूण काढायला त्या माळ्यावर चढल्या, तर पोत्यामागं नवेकोरे डबे, पातेली आणि दोन पोळपाट. आप्पा आपल्याच खिशातून आपल्याच गल्ल्यात पैसे टाकून आपल्याच दुकानातली भांडी घेत होते. विचारल्यावर म्हणाले, "भजी लई झ्याक व्हती."

मग मनोविश्लेषण. बालपण, स्वप्नं, मनाच्या तळाशी दडपलेलं काहीबाही. अक्कांनी भर दुपारी दुकानात सतरंजी टाकून आप्पांना झोपवलं आणि स्वप्न विचारलं. आप्पा म्हणाले, बैल दिसला. "बैल म्हंजे तुमचे वडील," अक्कांनी वहीत बघून सांगितलं. "वडील कशाला? आपला पाखऱ्या व्हता. मी वळखत न्हाय व्हय त्याला?" मग लहानपणी कुणी काही नाकारलं होतं का, हा प्रश्न. त्यावर आप्पांनी बराच विचार केला. "तुझ्या बापानं. पोरगी देत न्हाय म्हनला व्हता आधी. दोनदा." हे मला सांगताना अक्का रागावलेल्या होत्या, पण 'दोनदा' हा शब्द त्यांनी तीनदा सांगितला.

जैविक दृष्टिकोनासाठी आप्पांचं रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. इंजेक्शनं झाली, आप्पांना तरतरी आली. "आता दुकानात बसून परत पाठवत न्हाईत," अक्कांनी कळवलं, "रस्त्यावर हुबं ऱ्हाऊन पाठवतात." मानवतावादी दृष्टिकोन सांगतो की माणसाला विनाअट स्वीकारा, तो आपोआप फुलतो. हा प्रयोग शनिवारी सकाळी सुरू झाला आणि शनिवारी दुपारी संपला, कारण मधल्या वेळात कुणीतरी पितळी घागर मागितली. "स्वीकारायला बी काई हद्द असती, सर." शेवटी बोधात्मक, म्हणजे वागण्याच्या आधी मनात कोणता विचार येतो ते शोधायचं. आप्पांना एक वही दिली. गिऱ्हाईक आलं की मनात आलेलं लिहायचं. आप्पा आज्ञाधारक माणूस, त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. ती वही मी वाचली आहे. 'बाई घामाघूम. आधी पाणी द्यावं.' 'हिच्याकडं मागच्या वर्षीची कढई आहे. मीच दिलेली. चांगली आहे.' 'आत फोडणी पडली. आज शेपू.'

दिवाळी तोंडावर आली तेव्हा अक्कांनी मला गाठलं. "पाच झाले सर. आता सांगा, खरा कंचा?" मी वर्गात सांगतो तेच सांगितलं, प्रत्येकाचे काही गुण आहेत, काही मर्यादा आहेत. अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "दहा पातेली दावल्यावर गिऱ्हाइकानं एक तरी उचलावं लागतंय. तुमी तर ह्यांच्यापरास बेकार हैसा."

दुकान वाचलं ते आमच्या शास्त्रामुळं नाही. दिवाळीला मल्लिकार्जुन मोबाइलवाल्याला घेऊन आला. तो तरुण जागा बघून खूश झाला, आता बोलणी होणार, तोच आप्पा त्याला आपुलकीनं म्हणाले, "बाळा, घेऊ नको ही जागा. दुपारचं ऊन थेट आत येतंय. तुझे फोन तापतील." तो गेला तो परत आला नाही. मल्लिकार्जुन डोक्याला हात लावून बसला. अक्का पडद्याआड जाऊन तोंडाला पदर लावून हसल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. उन्हाळ्यात परीक्षा झाली आणि नेमका तोच प्रश्न आला, मानवी वर्तन कोणत्या दृष्टिकोनातून सर्वांत चांगलं उलगडतं? अक्कांनी पुरवणीवर पुरवणी जोडत आप्पांचा सगळा पाढा लिहिला आणि शेवटी, 'उत्तर अजून सापडलेले नाही. शोध चालू आहे.' काठावर पास झाल्या. पुढं पदवीही मिळवली. केंद्र बंद झालं तरी माझं जाणं-येणं चालू राहिलं, कधी सणाला, कधी नुसतंच.

या वर्षी अक्कांच्या हृदयानं त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं. पडद्याआड खाट टाकली. महिन्याभरानं मी भेटायला गेलो तर दुकानात वेगळाच माणूस बसलेला! "घ्या, चांगलं हाय. न्या. टिकतंय. पुढं कोन?" आप्पा विकत होते. हुज्जत नाही, सल्ला नाही. मी चक्रावून आत गेलो. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या, पण डोळे लखलखत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सर, सापडलं."

"काय?"

"वर्तनवादच खरा. आपलं बक्षीसच चुकलं व्हतं. मी भज्याला बक्षीस समजत व्हते…" त्यांना धाप लागली. मी थांबा म्हटलं, तर हातानंच गप्प केलं. "ह्यांनी न्हाय म्हनलं की मी भाईर यायची. तासभर बसायची, भांडायची. आता मी उठू शकत न्हाय, तर ह्ये न्हाय कशाला म्हनतील? सर… बक्षीस मीच व्हते की वो!" आणि त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि आप्पा गिऱ्हाइकाच्या हातात झाकण तसंच सोडून आत धावले. पाणी पिताना अक्का मला म्हणाल्या, "लिहून घ्या. पेपरात ऱ्हायलं व्हतं." दोन महिन्यांनी त्या गेल्या.

समाधीच्या दिवशी बोलणं झालं नाही. तीन आठवड्यांनी एका रविवारी गेलो आणि आप्पांना अक्कांचा शोध सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "येडी. तसं काय न्हवतं सर. नको म्हनलं की गिऱ्हाईक हुज्जत घालत बसतंय. घ्या म्हनलं की दोन मिंटात जातंय. मला आत तिच्यापाशी जायाचं असायचं."

"मग आधी इतकी वर्षं नको का म्हणायचात?"

"आधी?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "लोकांच्या घरात भांडी हैत की. कशाला इकायची?"

इतकी वर्षं शिकवतोय, पण या दोघांत खरं कोण हे मला सांगता येईना. तेवढ्यात एक बाई आल्या आणि पिठाचा डबा मागू लागल्या. आप्पांनी विचारलं, घरात डबा नाही का? आहे, पण लहान पडतो, बाई म्हणाल्या. "मग पीठ थोडं थोडं दळून आना. ताजं खावा." बाई हसून निघून गेल्या. आप्पांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं. बघत राहिले… पडदा हलला नाही. ते तसेच बसून होते आणि मला ते बघवेना. मी अक्कांच्या स्टुलावर जाऊन बसलो आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आप्पा, अहो असं केलं तर दुकान चालायचं कसं?"

त्यांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. "तुमाला काय कळतंय सर धंद्यातलं?" ते म्हणाले आणि टोपी सारखी करून नीट सरसावून बसले. दिवे लागेपर्यंत आम्ही भांडलो. मला कानडी येत नाही, त्यामुळं ऐन रंगात त्यांची थोडी अडचण झाली, पण त्यांनी चालवून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी जातो. मागच्या रविवारी घरी पाहुणे होते, निघायला उशीर झाला. अकराच्या सुमाराला आप्पांचा फोन आला. "सर, कुठं हैसा? सकाळपासनं तिघांना परत पाठवलंय मी."