कलपाची बोटं

आमच्या समोरच्या दारातले कटिंगवाले भावजी म्हणजे बोटांवर जगणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या मानेला हात लागला की सांगतात, "अंगात कणकण आहे, आज दाढी राहू दे, घरी जाऊन पड." थर्मामीटर तेच सांगतो, पण संध्याकाळी. जीभ कात्रीपेक्षा दुप्पट चालते. हे मी म्हणतेय, जिला ते तोंडावर 'चालतं वर्तमानपत्र' म्हणतात.

त्यांना कोरोना झाला. सहा दिवस तापाने फणफणले, सातव्या दिवशी ताप उतरला आणि नवव्या दिवशी सकाळी स्वारी मास्क लावून आपल्या दारात खुर्ची टाकून बसली. मी माझ्या दारात, मधे जिना, दहा पावलांचं अंतर.

"काय वर्तमानपत्र, माझी निधनवार्ता छापून ठेवली असेल ना?"

"ठेवली होती. फोटो धड मिळेना, म्हणून अडलं."

ते हसले. पण हसू मधेच तुटलं, श्वास घेतला आणि उरलेलं मग हसले. आजवर या माणसाला मी कधी दोन तुकड्यांत हसताना पाहिलं नव्हतं.

"ताई," मी त्यांच्या बायकोला हाक मारली, "ते ऑक्सिजन मोजायचं, बोटाला चिमट्यासारखं लावायचं मशीन काय म्हणतंय?"

ताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "कालपासून अठ्ठ्याऐंशी. पण हे म्हणतात..."

"नखं बघा." भावजींनी दोन्ही हात वर केले. वीस वर्षं लोकांचे केस काळे करून नखं बुडापर्यंत काळी झालेली. हातमोजे घालायचे नाहीत, का, तर केसाचा पोत कळत नाही. "या कलपातून त्या दिव्याला... काय दिसणार? मशीन फसतंय. ताप नाही. धाप नाही. लढाई जिंकलीय मी."

पंचाईत अशी की माणूस खोटं बोलत नव्हता. मशीनच्या खोक्यातल्या कागदावरच छापलं होतं, नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. तो कागद त्यांनी मला लांबून असा फडकावून दाखवला, जणू कोर्टाचा निकाल. ताईही त्यावर विसंबल्या होत्या. माणूस बरा वाटावा म्हणून आपण कशावरही विसंबतो.

मी घरात जाऊन कणीक मळायला घेतली. अर्धी मळून झाली तशीच हात न धुता बाहेर आले.

"ताई, हे पायाच्या बोटांना कलप लावतात का हो?"

"चेष्टा पुरे, वहिनी," भावजी म्हणाले.

"मोजा काढा. अंगठा मशीनमध्ये मावायचा नाही, शेजारचं बोट घ्या. आधी चोळून गरम करा."

ताईंनी खाली बसून बोट चोळलं, मशीन लावलं. आकडे वर-खाली झाले आणि थांबले. शहाऐंशी.

"मशीनच बिघडलंय."

ताईंनी ते स्वतःच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव.

भावजी आपल्या पायाच्या बोटाकडे बघत बसले. घरच्याच माणसाने साक्ष फिरवावी तसे. मग म्हणाले, "चपला... आण."

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. ताईंनी तो मलाही ऐकू येईल असा धरला. डॉक्टर म्हणाले, विषाणू आता ओसरतोय. पहिल्या आठवड्यात शरीराने त्याच्यावर हल्ला चढवला, ताप त्यातलाच. मग त्याला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार होतात आणि बहुतेकांचं तिथे निभावतं. काहींच्या शरीरातली धोक्याची घंटा मात्र वाजतच राहते, आणि मग शरीराच्याच सुजेने फुप्फुसातल्या बारीक फुग्यांत पाणी साचतं.

मी न राहवून विचारलं, "प्रतिकारशक्ती वाढवायच्या गोळ्यांची डबी आहे माझ्याकडे. पाठवू?"

"अहो बाई, मी तीच आवरायचं इंजेक्शन दिलंय."

सगळं जग वाढवा वाढवा म्हणून ओरडतंय आणि हे म्हणतात आवरा. ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"दाढी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मान लाल करून गिऱ्हाईक भांडायला येतं," मी म्हटलं, "तेव्हा भावजी काय सांगतात?"

"वस्तरा कालच पेटीत गेला, आता तुझी कातडीच रागावलीय."

"तसंच हे."

"पण तिथे ते तुरटी फिरवतात." ताईंनी फोन खाली ठेवला. "आत कशी फिरवणार?"

इंजेक्शनच ती तुरटी, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तुरटी फिरवूनही काहींची मान चिघळते, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं.

पुढे रोज दुपारी फोन. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन वाढवावा लागला. चौथ्या दिवशी म्हणाले, तेवढाच आहे. त्या दिवशी 'तेवढाच' हा शब्द आम्ही दोघी जेवताना चघळत होतो. सहाव्या दिवशी म्हणाले, थोडा कमी केलाय, पण एवढ्यात काही बोलत नाही.

आणि सातव्या दिवशी फोनवर स्वतः भावजी.

"वहिनी, इथल्या नर्सने... माझी दाढी केली. गालाचं... शेत नांगरलं."

"माझ्या अंकात फोटोसकट छापते. आधी ताईंशी बोला."

ताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "नुसता श्वास घ्या. मी ऐकते."

मी हळूच माझं दार लावून घेतलं.