शपथेवर उपाशी

"दूध? तुमच्या वस्तीत पोरं दूध कधीपासून प्यायला लागली, बाई?"

भर न्यायालयात हा प्रश्न माझ्या मुलीला विचारला गेला. विचारणारा जावयाचा वकील, नदीकाठच्या ऊसवाल्या घरातला. त्याच्या हातात माझ्या अक्षरातला घरखर्चाचा अंदाज होता. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. हसणाऱ्याला कोणी अडवले नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. जावई साताऱ्याला पगारदार. त्याने तिकडे दुसरे घर मांडले आणि मुलीला दोन लेकरांसह सोडून दिले. ती कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये रोजावर लोखंडी सुटे भाग घासू लागली. पोटगीचा अर्ज मी लिहिला. पाटबंधारे खात्यात उभे आयुष्य साहेबांची पत्रे लिहिण्यात गेले होते. हे पहिले पत्र माझ्या रक्ताच्या माणसासाठी. अंदाजात एक पैसाही फुगवला नव्हता. खोलीचे भाडे, ज्वारी, तेल, रॉकेल, वह्या, आणि दोन्ही लेकरांत मिळून पाव लिटर दूध. आजारपण धरले नव्हते. सणाचा कपडा धरला नव्हता. कायद्याने दर माणशी महिन्याला पाचशे रुपयांच्या पुढे काही मिळतच नसे. आम्ही त्याच्याही खूप खाली थांबलो होतो.

"रॉकेल एवढं? रात्रभर जागता काय?" पुन्हा हशा. मग त्याने आवाज मऊ केला. "बरं बाई, पोरं जेवल्यावर तुम्हाला उरतं ना?"

आमच्या घरात एक रीत होती. परक्याने जेवलात का विचारले, तर जेवलो म्हणायचे. चूल पेटलेली नसली तरी. ही रीत माझ्या आईची. तिच्या काळी उपाशी आहे म्हटले की वरून शिळे टाकत, हाताला हात लागणार नाही असे. छप्पन्न साली आम्ही धर्म बदलला, ते टाकलेले घेणे सोडले. रीत तेवढी राहिली.

मुलीने पदर सारखा केला. मान वर केली.

"उरतंय की."

"पोटापुरतं?"

"व्हय. आमी काय कुणाच्या दारात जात न्हाई."

"एवढंच नोंदवून घ्यावं," वकील म्हणाला.

मी उभा राहिलो. दुपारी ती नुसता चहा पिते, हे मला ओरडून सांगायचे होते. तिची मनगटे बघा, हे सांगायचे होते. "ओ आबा, बसा खाली," पट्टेवाला खेकसला. मी बसलो.

निकाल आला. लेकरांना मिळाले ते भाड्यातच संपणारे. तिच्या नावापुढे लिहिले होते: अर्जदार स्वतःचा निर्वाह करण्यास समर्थ, सबब मागणी नामंजूर. निर्वाह करता येत नाही, हे जिने सिद्ध केले तिलाच पोटगी, असा कायदा. तिने घराची अब्रू राखली. न्यायालयाने त्या अब्रूचाच तिच्याविरुद्ध पुरावा केला.

बाहेर वकील माझ्याजवळ आला. "आबा, पोरगी स्वाभिमानी आहे हो. अशांना पोटगी शोभत नाही."

"लाज तिला वाटली, वकीलसाहेब," मी म्हणालो. "वाटायला तुम्हाला हवी होती."

खोलीवर मुलगी भिंतीला टेकून बसली.

"आबा, परत लिवा. मी उपाशी ऱ्हाते, आसं लिवा."

"भरल्या कोर्टात वाचतील, पोरी. ती बाकावरची माणसं असतील."

"हसू द्यात. काल थोरलीला भाकरी वाढाय गेले, तर म्हणली, आई, मी जेवले. टोपलीत एकच हुती, आबा. ती बी शिकली."

माझी नात. आठ वर्षांची.

मी कागद घेतला. शपथेवरचे बोलणे मागे घेता येत नाही, असे जाणते सांगत होते. तरी वरच्या न्यायालयाला लिहिले: साक्ष पुन्हा नोंदवा. फेटाळाल, तर त्याच्या वर लिहीन. हात थरथरेल तेव्हा नात लिहील. अर्जाची पहिली ओळ मुलीने सांगितली तशी आहे: मी उपाशी राहते.

आईची रीत त्या दिवशी मोडली. कोणाला बरे वाटावे म्हणून आता आम्ही जेवलो म्हणणार नाही.